नंबरानं हाक मारणारे साहेब

आमच्या प्राचार्य साहेबांना मी सहा वर्षं पाणी दिलं. बसून पाणी पिताना एकदाही पाहिलं नाही. गिलास हातात घ्यायचे अन् चालायला लागायचे. रिकामा गिलास मग मला कुठेही सापडे. सायकलच्या क्यारियरवर, खिडकीत, एकदा तर पोरींच्या संडासाच्या भिंतीवर. मी म्हणे, "साहेब, गिलास कुठी गेला?" ते म्हणत, "चालत गेला असेल." अन् हसत नसत.

मी चौथी पास. त्यांच्या कॉलेजात शिपाई होतो. लिहिणं माझं काम नाही. घरात लिहायचं-वाचायचं बायको पाही. तिला जाऊन आठ महिने झाले. तेव्हापासून माझंही बूड कुठे टेकत नाही. चुलीवर चहा ठेवतो, आंगणात जातो, आंगणातून रस्त्यावर, रस्त्यावरून नाल्यापर्यंत. परत येतो तर चहा आटून भांडं काळं. शेजारीण ओरडते, "भाऊ, घर जाळता का जी?" म्हणून हे पण उभ्यानंच लिहून राहिलो, खिडकीच्या फळीवर वही ठेवून. चार ओळी झाल्या की एक चक्कर मारून येतो. तर मागंपुढं होईल. समजून घ्यावं.

साहेब अमरावतीकडचे. उंच, वाळके, पायात टायरची चप्पल, खिशाला दोन पेन. लग्न केलं नव्हतं. मी एकदा विचारलं, काऊन नाई केलं जी? म्हणाले, "बोहल्यावर फार वेळ उभं राहावं लागतं."

आमचं कॉलेज म्हणजे बंद पडलेल्या राइस मिलचं गोदाम. मूलहून गडचिरोलीकडे जाताना आमचं गाव संपलं की डाव्या हाताला. त्याच्या मागं नाला, नाल्यापलीकडे मोहाची झाडं अन् तिथून जंगल. गोदामात आम्ही बांबूचे तट्टे लावून चार वर्ग काढले. तट्टा कान झाकत नाही. इकडे इतिहास चाले, तिकडे अर्थशास्त्र. दोन्ही मास्तर गळा फाडून शिकवत. एका पोरानं पेपरात लिहिलं, की दिल्लीच्या बादशहानं मागणी-पुरवठ्याचा नियम काढला अन् तो मोडणाऱ्याला हत्तीच्या पायी दिलं. साहेबांनी त्याला अर्धे मार्क दिले. म्हणाले, "दोन तास एकाच वेळी लक्ष देऊन ऐकले याचे."

भिंतीतून भुसा गळे. कितीही झाडलं तरी सकाळी बाकावर पिवळा थर. पोरं बोटानं त्यावर काहीबाही लिहीत, पोरींची नावं, शिव्या, बाण काढलेलं दिल. साहेब ते वाचत फिरत अन् ऱ्हस्व-दीर्घ सुधारत. भुशानं त्यांना खोकला लागला तो कायमचा.

दूरची पोरं मिलच्या जुन्या बॉयलरच्या खोलीत राहत. एटापल्लीकडची गोंड पोरं, सिरोंच्याकडची तेलुगू बोलणारी दोघं, आमच्या वस्तीतली बौद्धांची, गावची कुणब्यांची. तीन दगडांची चूल मांडून भात शिजवत. पहिल्या वर्षी सहा चुली होत्या, जातीगणिक. साहेब रोज संध्याकाळी जात अन् प्रत्येक चुलीवरचा एक घास उभ्यानं खाऊन निघत. कोणाला काही बोलत नसत. दुसऱ्या वर्षी चुली तीन झाल्या. तिसऱ्या वर्षी एक झाली, पण त्यात साहेबांचं काम किती अन् सरपणाच्या टंचाईचं किती, मी सांगू शकत नाही.

आता नंबराचं सांगतो. साहेब कोणालाच नावानं हाक मारत नसत. त्यांची स्वतःची एक लांब वही होती. ज्यानं आधी येऊन नाव लिहिलं त्याला आधीचा नंबर. एकदा दिला तो कॉलेज सोडेपर्यंत. "सतरा नंबर, खिडकी लावा." "चाळीसबाई, उत्तर सांगा." पोट्टे मागून खिदळत, "आमाले कैदी केलं म्हाताऱ्यानं." मलाही ते बरं दिसत नसे. एकदा मी म्हटलं, "साहेब, मायबापानं नाव ठेवलं ना लेकरायचं. नावानं बलवा ना जी."

साहेब चालता चालता वळले. म्हणाले, "भाऊ, नावामागून आडनाव येतं. मी आडनाव घेतलं की वर्गातली पोरं वळून पाहतात, कोणाचा आहे म्हणून. नंबर घेतला तर कोणी वळत नाही. अन् माझ्या वहीत आधी येईल तो आधी. मध्येच कोणी घुसायचं नाही. पाटलाचा असो की पंतप्रधानाचा."

आमच्या बापानं विहिरीवर उभं राहून दुसऱ्यानं पाणी वाढायची वाट पाहिलेली. मला रांगेचं समजावून सांगायला नको.

त्या वहीपायी साहेब काय करतील याचा नेम नव्हता. श्रावणात आमच्याकडे रोवणा चालतो. धानाचे परे, म्हणजे रोपं, खणून चिखल केलेल्या बांधीत रोवायचे, वीस-पंचवीस दिवस माणूस घरात सापडत नाही. कॉलेज ओस. पहिल्या वर्षी साहेबांनी रिकाम्या बाकांपुढं चार दिवस चकरा मारल्या. पाचव्या दिवशी वही प्लास्टिकच्या पिशवीत घातली, मला म्हणाले, "चला." आम्ही दोघं सायकलनं बांध्यांकडे निघालो. साहेबांनी धोतरासारखी पॅन्ट वर खोचली, बांधीच्या कडेच्या उंच धुऱ्यावर उभे राहिले अन् ओरडले, "एक नंबर!"

वाकलेल्या रांगेतून आवाज आला, "हजर जी!"

"चार!"

"हजर! हात चिखलाचे हाय जी, वर नाई करत."

बांधीचा मालक धावत आला. "ओ साहेब! माह्या बांधीत कालेज काऊन आणलं?"

"कॉलेज मी आणलं नाही," साहेब म्हणाले. "तुम्ही घेऊन आलात. मी मागून आलो." अन् धुऱ्यावरून येरझारा घालत तिथंच इतिहासाचा तास सुरू केला. पोरं रोवत मागं सरकत, साहेब धुऱ्यानं त्यांच्यासोबत सरकत. एक म्हातारी होती रांगेत, चार पोरींच्या मधात. तिला वाईट वाटलं असावं. शेवटी तीही ओरडली, "हजर जी!"

साहेबांनी वही पाहिली. "तुमचा नंबर?"

"मले नंबर नाई जी. सगळेच म्हणून राह्यले, त मी बी म्हटलं."

साहेबांनी तिला शून्य नंबर दिला. खरंच वहीत वर लिहिला. पुढं तीन रोवणे ती म्हातारी सगळ्यात आधी ओरडे, "शून्य हजर!" अन् मग एक नंबरची पाळी येई.

बायको कॉलेजात कशी आली ते सांगतो. मला तेच सांगायचं आहे, बाकी सगळं मी तिकडं जायचं टाळत होतो म्हणून लिहिलं.

पहिल्या वर्षाला साठ पोरं भरली तरच वर्गाला मान्यता, असं वरून आलं होतं. शेवटच्या तारखेला वहीत एकोणसाठ. साहेब सकाळपासून गोदामाला फेऱ्या घालत होते. मला विचारलं, "तुम्ही किती शिकलात?" मी म्हटलं, चौथी. "छे," म्हणाले अन् पुढं गेले. दुपारी बायको माझा डबा घेऊन आली. मूल गावची पोरगी ती. बाप राइस मिलमधी हमाल होता, पण पोरीला बारावीपर्यंत शिकवलं अन् मग मला दिली, कारण माझी नोकरी होती. तेव्हा असंच चाले. ती दारावरचा कागद वाचत उभी राहिली अन् मला म्हणाली, "अवो, ह्या कागदावर वार चुकला. तारखेले मंगळवार नाई, बुधवार येते."

साहेब फेरीवर होते. थांबले. "बाई, किती शिकलात?"

"बारावी जी."

"साठ!" साहेब एवढ्यानं ओरडले की गोदामातली कबुतरं उडाली.

मी म्हटलं, "साहेब, ते माही बायको हाय!"

"मग?"

"मंग सैपाक कोण करन?"

"तो चौथी पास माणसालाही येतो," साहेब म्हणाले अन् वही घेऊन आले. बायकोनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. सही केली. अशी सही, की पेन कागदातून पार जाते का काय.

साहेबांनी नियम घालून दिला. फाटकाच्या आत ती साठ नंबर, मी शिपाई. नवरा-बायको फाटकाबाहेर. तर ती फाटकातून आत पाय टाकला की मला बाकी पोरींसारखं 'भाऊ' म्हणे. "भाऊ, पाणी द्या." पोट्टे बाकावर हात आपटून हसत. मी माठातलं पाणी द्यायचो, डोळा वर करायचो नाही. घरी आल्यावर तीच माझं ताट वाढे अन् हसू दाबे. पहिलं वर्ष मलाही मजा वाटली. दुसऱ्या वर्षी कमी वाटली.

ती अभ्यास कसा करे? परे खणताना, भांडी घासताना, आमच्या लहान पोरीची वेणी घालताना. ओठ हलत राहत. तिला बी.ए. व्हायचं होतं, बस. दागिना नको, लुगडं नको, कुठे जायचं नाही. वस्तीत तोवर बी.ए. झालेली बाई नव्हती. विहारात एका बैठकीत कोणी विचारलं, बी.ए. होऊन काय करशीन? ती म्हणाली, "आधी होतो. मंग इच्यार करतो." साहेबांनी मात्र विचार करून ठेवला होता. त्यांनी तिसऱ्या वर्षी सगळ्यांसमोर सांगून टाकलं, की साठबाई पास झाल्या की जूनपासून आपल्या ग्रंथालयात बसतील. तशी जागाच मंजूर करून आणली होती.

ग्रंथालय म्हणजे दोन कपाटं, एक टेबल, एक खुर्ची. पण खुर्ची होती.

आता मोहाचं. परीक्षा चैतात, अन् मोह गळतो तोही चैतात. पहाटे झाडाखाली जाऊन फुलं वेचायची, नाही तर गुरं खातात, अस्वलं खातात, शेजारी वेचून नेतो. प्रत्येक घरचं झाड ठरलेलं. मोहाचे ते दिवस सोडायला कोणतीच माय तयार नसते, पोरगा बी.ए. असो की आणखी काही. साहेबांनी भांडण केलं नाही. त्यांनी तोड काढली. गोदामाच्या कडुनिंबाला रेल्वेच्या रुळाचा तुकडा टांगला होता, तीच आमची घंटी. पेपर आठला. सातला मी ती घंटी लांब, जोरात, शंभर मोजेपर्यंत वाजवायची. जंगलाच्या काठापर्यंत आवाज जाई. घंटी झाली की पोरांनी टोपली उचलायची, घरी जायचं, हातपाय धुऊन पेपरला यायचं. घड्याळ कोणाकडे होतं? दोन परीक्षा असंच निभलं. पोरांना ठाऊक, घंटी झाली नाही म्हणजे सात झाले नाही. सूर्याकडेही पाहत नसत.

शेवटचा पेपर इतिहासाचा होता, साहेबांचाच विषय. त्याच्या आदल्या दिवशी दुपारी ऑफिसातला बाबू पान लावत मला म्हणाला, "काय गा, उद्या बाई बी.ए. होते. मंग जूनपासून तूच गिलास घेऊन जाशीन ना तिच्या टेबलावर? 'बाई, पाणी घेता का जी?'" तिथं चारजण होते. चारही हसले. मीही हसलो. घरी येऊन बायकोला सांगितलं, म्हटलं बाबू असा बोलला. मला वाटलं ती चिडेल. ती परातीत भाकर थापून राहिली होती. हसली. म्हणाली, "मंग द्या ना. तीन वर्सं देऊनच राह्यले ना तुमी."

एवढंच बोलली. त्यात वाकडं काही नव्हतं. पण मला ते लागलं. कुठे लागलं ते मला आजही दाखवता येत नाही.

सकाळी ती अंधारातच टोपली घेऊन गेली. आमचं झाड सगळ्यात जवळचं, नाल्यापलीकडे उतरलं की लगेच. आभाळ भरून आलं होतं, सूर्य नव्हता. साहेब पेपरचं गाठोडं आणायला पोलीस ठाण्यात गेले होते. नागपूरहून आलेले बाहेरचे एक साहेब आत वर्गात बाकांवर नंबर टाकून घेत होते. त्यांना आमच्या सातच्या घंटीचं काय माहीत? मी कडुनिंबाखाली उभा. ऑफिसच्या घड्याळात सात झाले. सळई हातात घेतली. अन् नाही वाजवली.

मनात काय होतं ते खरं लिहितो. तिचा एक पेपर जावा. जास्त काही नाही. एक पेपर.

पावणेआठला साहेब आले. फाटकापाशी पोरं मोजली. "अकरा कमी आहेत," म्हणाले. "घंटी दिली ना?"

मी म्हटलं, "देल्ली जी."

अन् तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला, की घंटी काही तिच्या एकटीची नव्हती. अकरा लेकरं जंगलात होती. आईची शपथ, मला त्या दहाजणांची आठवणच आली नव्हती. तीन वर्षं ती घंटी मी सगळ्यांसाठी वाजवली, अन् त्या दिवशी मला वाटलं ती माझ्या घरची आहे.

साहेबांनी गाठोडं बाहेरच्या साहेबांच्या हाती दिलं. साडेआठपर्यंत आत घेता येतं, असा नियम होता. वही काखेत मारली, सायकल काढली. मला ओरडून म्हणाले, "आठला घंटी द्या! पेपर वेळेवर सुरू झालाच पाहिजे!" अन् नाल्याकडे न जाता उजवीकडे, टेकडीच्या रस्त्यानं सुटले. मला कळेना, जवळचं सोडून दूर काऊन चालले? मग त्यांचा आवाज ऐकू आला. "तीन नंबर! तीन नंबर, पेपर!" थोड्या वेळानं पार दुसऱ्या बाजूनं, "नऊ! नऊ नंबर!" तेव्हा समजलं. साहेब वहीच्या नंबरानं चालले होते. कोणाचं झाड कुठं ते त्यांना पाठ होतं. पण अशा घाईतही त्यांनी रांग मोडली नाही. तीननंतर नऊ, नऊनंतर चौदा, मग ते झाड कोसभर मागं का असेना. साठ नंबर सगळ्यात शेवटी. अन् तीच सगळ्यात जवळ.

मी गेलो असतो तर पाच मिनिटांचं काम होतं. नाला ओलांडून नुसती हाक मारायची. मी फाटकापाशी उभा राहिलो. आठ वाजले. सळई घेतली अन् हाताच्या सवयीनं लांब घंटी वाजवली.

एकेक पोरगं धावत येऊ लागलं. कोणाच्या केसात मोहाची फुलं, कोणाचे पाय चिखलानं भरलेले, एका पोरीच्या हातात अजून टोपली. माझ्या अंगावर फेकून आत पळाली. आठ पंचविसापर्यंत दहा आली. सगळे म्हणत, "भाऊ, घंटी नाई झाली का गा?" मी म्हटलं, "पळ, पळ, आत जाय."

साडेआठला बाहेरच्या साहेबांनी फाटक लावायला सांगितलं. मी लावलं.

त्यानंतर ती आली. धावत नाही, चालत आली. धुतलेलं पांढरं पातळ, केस विंचरलेले, हातात पेन अन् परीक्षेचं कार्ड रुमालात गुंडाळून. आठची घंटी ऐकून तिला वाटलं सात झाले. त्या दिवशीची तिच्या कानावर पडलेली पहिलीच घंटी ना ती. टोपली उचलली, घरी गेली, आंघोळ केली. पोरीला आजीकडे सोडलं. निवांत आली. फाटकापाशी येऊन मला हसून म्हणाली, "बंद काऊन केलं भाऊ? लय वेळ आहे ना अजून?"

तिनं आत पाहिलं. सगळी पोरं खाली मान घालून लिहीत होती.

तेवढ्यात साहेब आले. सायकलची साखळी तुटली होती, ती ढकलत आले. एका पायात चप्पल नव्हती. खोकल्यानं बोलता येईना. तिच्यापुढं उभे राहिले अन् म्हणाले, "माझी चूक झाली, बाई. मी नंबरानं गेलो. तुमच्या झाडाखाली पोचलो तेव्हा झाड रिकामं होतं. मी आधी इकडं यायला हवं होतं."

बाहेरच्या साहेबांना त्यांनी हात जोडले. ते म्हणाले, नियम आहे. साहेबांनी दुसऱ्यांदा मागितलं नाही. नियमाचा माणूस, काय मागेल?

मग वळून मला विचारलं, "पोरं म्हणतात सातची घंटी ऐकू आली नाही. भाऊ, नक्की दिली होती?"

"देल्ली जी. वारा उलटा असन."

बायको माझ्याकडे पाहत होती. सकाळी घंटीच्या सगळ्यात जवळ तीच होती. तिनं सांगितलं असतं तर माझी नोकरी तिथंच संपली असती. पोरगी चार वर्षांची होती. ती साहेबांना म्हणाली, "झाली होती साहेब घंटी. मी ऐकली. माहंच ध्यान नाई राह्यलं."

संध्याकाळी घरी मी काहीतरी बोलायला गेलो. ती ताट ठेवून म्हणाली, "भाऊ, जेवून घ्या."

घरात. मला. भाऊ.

तीन दिवस ती मला भाऊच म्हणाली. पोरगी हसे, "माय, बाबाले भाऊ म्हणते!" चौथ्या दिवशी बंद केलं. पुन्हा तो विषय तिनं काढला नाही, मारलं-झोडलं असतं तर बरं झालं असतं.

साहेबांचं काय झालं ते ऐका. त्यांना जूनपासून नागपूरच्या एका मोठ्या कॉलेजात बोलावलं होतं. पक्की इमारत, भुसा नाही, खोकल्याला डॉक्टर जवळ. ते गेले नाहीत. मला गोदामाभोवती चालता चालता सांगितलं, "साठ नंबर माझ्यामुळं राहिला. तो पास झाल्याशिवाय मी कुठं जाणार?" मी सोबत चालत होतो. गिलास माझ्या हातात होता. तेव्हा एक वाक्य बोलायचं होतं फक्त. मी म्हटलं, "पाणी घ्या जी."

ग्रंथालयाची जागा जूनमध्ये भरली, दुसऱ्याच कोणाची भरती झाली. साहेब रोज दुपारी आमच्या आंगणात येऊ लागले. ती मोहाची फुलं वाळू घाली, धान पाखडे, अन् साहेब आंगणात गोल फिरत तिला तो एक पेपर शिकवत. कोंबड्या त्यांच्या पायात येत. रोवण्यात ते बांधीवर गेले, तिच्या धुऱ्यानं चालले. ऑक्टोबरात ती गडचिरोलीच्या केंद्रावर जाऊन पेपर देऊन आली. एकटीच एसटीनं गेली. मी येतो म्हटलं तर म्हणाली, "काही गरज नाई."

निकाल आला, पास. साहेबांनी वहीत साठ नंबरापुढं बारीक अक्षरात 'बी.ए.' लिहिलं अन् वही तिला दाखवायला आमच्या घरी आणली. तोवर नागपूरच्या जागेवर दुसरा माणूस बसला होता. साहेब आणखी दोन वर्षं त्याच भुशात राहिले. मग खोकला छातीत बसला. गावी गेले अन् गेले. त्यांच्या मातीला मी गेलो नाही. लांब होतं, असं सगळ्यांना सांगितलं.

बायको पुढं बालवाडीत लागली. वस्तीतल्या तीन पिढ्यांचे अर्ज तिनं लिहिले. गेल्या पावसाळ्यात तिला गडचिरोलीच्या दवाखान्यात ठेवलं होतं. दुपारची वेळ, वॉर्डात कोणी जेवून राहिलं होतं, कोणी झोपलं होतं. मी पलंगाभोवती घुटमळत होतो. शेवटी म्हटलं, "त्या दिवशीची घंटी..."

ती म्हणाली, "मले माहीत आहे. दुसरं काही बोला."

थोड्या वेळानं तिनंच विचारलं, "साहेबाले सांगितलं होतं का कधी?"

"नाई."

"मंग तेवढं सांगा."

"साहेब कुठी आहे आता? कोणाले सांगू?"

"त्याईच्या पोरायले सांगा. ते सारे हासतात साहेबाले."

हसतात, खरं आहे. ती गोष्ट आमच्याकडे गंमत म्हणून सांगतात. 'साहेबाच्या नंबरापायी बाईचा पेपर गेला,' असं. बायकोच्या पुण्यानुमोदनाला विहारात त्या वर्गातली पाच-सहाजणं आली होती. त्यातला चौदा नंबर आता हेडमास्तर आहे. बोलायला उभा राहिला अन् तीच गोष्ट सांगितली. साहेब कसे जंगलभर नंबर ओरडत फिरले, जवळची बाई सोडून कोसभर लांबच्याला शोधत बसले. चांगला बोलला. लोक रडता रडता हसले. मग माइक माझ्या हातात दिला. सगळे माझ्याकडे पाहत होते, अकरातले पाच तिथंच बसले होते.

मी म्हटलं, "सगळ्यायनं जेवून जा."

म्हणून आता लिहून देतो, चौदा नंबर, तूच हे बाकीच्यांना वाचून दाखव. साहेबांच्या रांगेत त्या दिवशी काही चूक नव्हती. रांग लावायची वेळच यायला नको होती. सातची घंटी झाली नाही. वारा नव्हता. सळई माझ्या हातात होती.